दारुहळदीचा दाखला

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी राजधानीच्या दक्षिण भागात ज्या वसाहती वसल्या, त्यांपैकी रामकृष्ण पुरम ही एक मोठी वसाहत. परंतु हे पूर्ण नाव दफ्तरापुरतेच राहिले आणि सेक्टरांच्या आकड्यांत वाटली गेलेली ही वस्ती लोकांच्या तोंडी आर. के. पुरम म्हणूनच रुळली. पुणे, नागपूर, रत्नागिरी, बेळगाव अशा मुलखांतून बदलीचा हुकूम हाती घेऊन जी मराठी कुटुंबे येथील क्वार्टरांत उतरली, त्यांच्या बिऱ्हाडात पुरणयंत्र, गोडा मसाला आणि देव्हाऱ्यातील टाक यांच्याबरोबर आणखी एक वस्तू हटकून असे, ती म्हणजे फडक्यात बांधलेला बाळघुटीचा संच आणि ती उगाळण्याची सहाण. वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, अतिविष, सागरगोटा, डिकेमाली, वावडिंग, कुड्याचे मूळ असा तो सरंजाम. आणि कोणत्या मुळीचे किती वळसे घ्यायचे याचा तपशील कोठे लिहून ठेवलेला नसला तरी आजीच्या मनात पक्का, कुणाचे दोन, कुणाचा एक, फार कडू असेल तिचा अर्धाच. त्याच वसाहतीत, चालत जाण्याच्या अंतरावर, केंद्र सरकारने १९५४ साली दिल्लीत सुरू केलेल्या आरोग्य योजनेचा दवाखाना. आणि तेथील डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मूल किती किलोचे, औषध किती मिलिग्रॅम आणि दिवस किती, एवढाच मजकूर.

या दोन मापांचे एकमेकांशी हाडवैर आहे असे धरून चालण्याचा आपल्याकडे शिरस्ता पडला आहे, आणि त्यातून झाडपाल्यात काही दम नसतो असे म्हणणारा एक पक्ष आणि झाडपाला कधी बाधत नाही असे म्हणणारा दुसरा पक्ष असे दोन तट उभे राहिले आहेत. पोटातील परोपजीवी जीवांवर जी वनस्पतिजन्य द्रव्ये गेल्या सुमारे दोनशे वर्षांत प्रयोगशाळांतून आणि रुग्णालयांतून पारखली गेली, त्यांचा इतिहास नीट चाळला तर हे दोन्ही तट सारखेच चुकलेले दिसतात. कारण ज्या झाडात खरोखर औषध निघाले, त्याच झाडात बहुतेक वेळा विषही निघाले, आणि या दोहोंमधील अंतर केवढे याचा निवाडा सहाणेवर झाला नाही, तो तराजूवर आणि सूक्ष्मदर्शकाखाली झाला.

सरकारी क्वार्टरात पोटभाडेकरू ठेवण्यास सक्त मनाई असली, तरी पोटातल्या भाडेकरूंना तो कायदा आजवर लागू करता आलेला नाही. त्यांचे ढोबळ वर्ग दोन. पहिला डोळ्यांना दिसणाऱ्या जंतांचा: गोल जंत, आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त पिणारे अंकुशकृमी, सुतासारखे बारीक जंत आणि कित्येक हात लांबीचे चपटे पट्टकृमी. दुसरा वर्ग एकपेशी जीवांचा, ज्यात आमांश करणारा अमीबा आणि जिआर्डिया हे दोघे प्रमुख. जिआर्डिया हा प्राणी ल्यूवेनहुक या डच कापडव्यापाऱ्याने १६८१ साली स्वतःला झालेल्या जुलाबात, स्वतःच घडविलेल्या भिंगातून पाहिला. ज्ञानासाठी इतके निःसंकोच होणारे लोक थोडे. पुढे रुंद, मागे निमुळता आणि पोटाच्या बाजूस चिकटण्यासाठी एक चकती, अशी त्याची रचना. लहान आतड्याच्या आरंभी तो अस्तरास घट्ट बसतो, खाल्लेल्या स्निग्धांशाचे शोषण बिघडवितो, आणि मग मुलाचे पोट फुगते, शौचास तेलकट व दुर्गंधीयुक्त होते, भूक मंदावते आणि वजन महिनोन् महिने जागचे हलत नाही. शरीराबाहेर पडताना तो टणक आवरणाच्या कोशात शिरतो. हा कोश थंड पाण्यात कित्येक आठवडे जिवंत राहतो, आणि असे दहा-पंचवीस कोश पोटात गेले की नवा संसार थाटण्यास पुरे होतात.

पाण्यात क्लोरीन सोडले की काम झाले, ही समजूत दिल्लीने एकदा फार महाग विकत घेतलेली आहे. १९५५ सालच्या शरद ऋतूत यमुनेला पूर आल्यानंतर नजफगढ नाल्याचे घाण पाणी वझिराबाद येथे, जिथून शहराचे पाणी उचलले जाई, तिथे मिसळले. अधिकाऱ्यांनी क्लोरीनचे प्रमाण वाढविण्याची तजवीज केली, तिचा गुण असा आला की विषमज्वरासारख्या जिवाणुजन्य रोगांची साथ उसळली नाही. परंतु डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत सुमारे २९,००० लोक काविळीने पिवळे झाले. तो अपराध एका विषाणूचा होता, जिआर्डियाचा नव्हे. पण क्लोरीनला सहजासहजी दाद न देण्याच्या बाबतीत जिआर्डियाचा कोश त्याच पंगतीत बसतो, आणि म्हणून नळाला शुद्ध केलेले पाणी येणाऱ्या शहरातही तो निर्धास्त नांदतो.

आता मुख्य दाखल्याकडे वळू. १९७२ साली ‘इंडियन पीडियाट्रिक्स’ या बालरोगविषयक नियतकालिकात चौधरी, साबिर आणि भिडे या तिघांच्या नावे एक आटोपशीर निबंध प्रसिद्ध झाला. जिआर्डियाची बाधा झालेल्या मुलांना बर्बेरीन दिले तर काय होते, एवढाच त्याचा विषय. बर्बेरीन हे दारुहळदीतले मुख्य द्रव्य. दारुहळद म्हटल्यावर तिचे स्वयंपाकघरातल्या हळदीशी काही नाते असेल असे वाटते, पण ते नाते रंगापुरतेच आहे. कुमाऊँ, गढवाल आणि हिमाचलच्या उतारांवर वाढणारे हे काटेरी झुडूप असून त्याची मुळाकडची साल खरवडली की आतले लाकूड पिवळेजर्द निघते. हीच मुळे आणि लाकूड पाण्यात उकळून, गाळून, आटवून जो काळपट चिकट गोळा करतात, ते आयुर्वेदातील रसांजन. दिल्लीत फत्तेपुरी मशिदीजवळच्या खारी बावलीच्या बाजारात तो रसौत या नावाने मागितला की मिळतो. खडा वरून डांबरासारखा काळा दिसला, तरी पेलाभर पाण्यात टाकताच पाणी पिवळे होते, बोटाला लागलेला डाग साबणाने सहज जात नाही, आणि जिभेच्या टोकाला लावला तर कडवटपणा घशापर्यंत रेंगाळतो.

त्या प्रयोगात एक ते दहा वर्षे वयाची चाळीस मुले होती. त्यांचे तीन गट पाडून एकास दररोज शरीराच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम बर्बेरीन, दुसऱ्यास दर किलोमागे १० मिलिग्रॅम मेट्रोनिडाझोल हे आधुनिक औषध आणि तिसऱ्यास नुसते ब जीवनसत्त्वाचे सरबत, असे सहा दिवस दिले गेले. सहा दिवसांनंतर दोन गोष्टी पाहिल्या: मुलाची तक्रार थांबली काय, आणि शौचात जिआर्डियाचे कोश दिसेनासे झाले काय. बर्बेरीन घेतलेल्यांपैकी ४८ टक्के मुलांच्या तक्रारी थांबल्या आणि ६८ टक्क्यांचे शौच कोशमुक्त निघाले. मेट्रोनिडाझोलच्या गटात शौच शंभर टक्के मुलांचे स्वच्छ झाले, मात्र तक्रारी थांबल्या त्या ३३ टक्क्यांच्याच. सरबतावर ठेवलेल्या गटात तक्रारी थांबलेली मुले १५ टक्के आणि स्वच्छ शौचाची २५ टक्के.

वनस्पतींचा अभिमानी यातला पहिला आकडा उचलून नाचेल आणि आधुनिक औषधांचा अभिमानी तो शंभराचा आकडा दाखवून मिशीला पीळ देईल. पण माझ्या मते या निबंधातला सर्वांत मोलाचा मजकूर त्या सरबताच्या गटात आहे. चारांतले एक मूल कोणतेही औषध न देता सहा दिवसांत कोशमुक्त झाले, हा तो मजकूर. आतड्यातला परोपजीवी अनेकदा आपण होऊन निघून जातो, कोश तर रोज सारख्या संख्येने पडतही नाहीत, आणि मुलाचे पोट कधी बिघडते, कधी सुधारते. अशा स्थितीत ज्या घरात चार नातवंडांना घुटी दिली गेली आणि त्यांतले एक बरे झाले, त्या घरातील आजीचा अनुभव खोटा नसतो, तिचा निष्कर्ष मात्र कच्चा असतो. कारण न दिलेल्या नातवंडांचे खाते तिने कधी मांडलेलेच नसते. पंचवीसावरून अडुसष्टावर जी चढण झाली, ती बर्बेरीनच्या पदरात घालता येते, त्याखालची नाही. शिवाय चाळीस मुले तीन गटांत वाटल्यावर एकेका गटात मूठभरच मुले उरतात, म्हणून या टक्केवारीला फार मोठा भार पेलवणारा नाही, हेही सांगून टाकले पाहिजे.

तीन वर्षांनी, १९७५ मध्ये, एका अमेरिकन बालरोग-नियतकालिकात हिंदुस्थानातील मुलांवरचाच दुसरा प्रयोग छापून आला. त्यात मात्रा दुप्पट, म्हणजे दर किलोमागे १० मिलिग्रॅम, आणि मुदत सहांऐवजी दहा दिवसांची होती, आणि या वेळी सुमारे दहांपैकी नऊ मुलांचे शौच स्वच्छ निघाले. द्रव्य तेच, झुडूप तेच. बदलली ती मात्रा आणि मुदत. आता कुणी विचारील की दहा मिलिग्रॅम बर्बेरीन म्हणजे रसांजनाचे वळसे किती? याचे उत्तर देता येत नाही, आणि अडचण नेमकी येथेच आहे. झुडूप कोणत्या उंचीवर वाढले, मुळे कोणत्या ऋतूत खणली, साल किती आणि लाकूड किती, काढा किती आटवला, यावर रसांजनातील बर्बेरीनचे प्रमाण पालटते. त्यातच बाजारात एका जातीच्या दारुहळदीच्या नावावर तिच्या बहिणी विकल्या जातात, आणि दक्षिणेत तर एका वेगळ्याच कुळातील वेलीचे खोड, तेही पिवळे, तेही कडू आणि सुदैवाने तेही बर्बेरीनयुक्त, याच नावाने खपते.

बर्बेरीन आतड्यातल्या जीवांना कसे मारते याची उकल पुष्कळ झाली आहे. त्याचा रेणू जीवपेशीतल्या आनुवंशिक द्रव्याला बिलगतो आणि तिची वाढ खुंटवितो. खेरीज पटकीच्या आणि काही ई-कोलाय जिवाणूंच्या विषाने आतडे जे पाणी बाहेर टाकू लागते, तो स्रावही ते कमी करते. परोपजीवी पुरते न मरताही तक्रारी लवकर का थांबल्या, याचा थोडा उलगडा यातून होऊ शकतो. पोटात घेतलेले बर्बेरीन रक्तात फार थोडे शोषले जाते. मधुमेहावर त्याचा उपयोग करू पाहणाऱ्या संशोधकांची ही डोकेदुखी असली, तरी ज्याला आतड्यातच काम करायचे आहे त्या औषधाचा हा गुणच म्हटला पाहिजे. इतके असूनही दवाखान्याच्या औषधांच्या यादीत त्याने जागा मिळविली नाही, याचे कारण कुणाचे कारस्थान नसून मेट्रोनिडाझोल हुकमी, स्वस्त आणि मोजून देण्याजोगे निघाले हे आहे. मात्र मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळते, आणि ते न मानणारे जिआर्डियाचे वाणही अलीकडे आढळतात, म्हणून दारुहळदीसारख्या द्रव्यांकडे पुन्हा वळून पाहण्यास आज जागा आहे. परंतु ते पाहणे मोठ्या आणि काटेकोर प्रयोगांचे असले पाहिजे.

दारुहळद हिमालयाची, मराठी माणसाच्या अंगणाजवळचे झाड कुडा. जेठाच्या अखेरीस कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या रानात पांढऱ्या सुवासिक फुलांनी लगडणारा हा कुडा आपल्याकडे आधी भाजी म्हणून ताटात येतो आणि मग औषध म्हणून. त्याच्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी पहिल्या पावसात एकदा तरी खावी, म्हणजे वर्षभर पोटाची तक्रार राहत नाही, असे तिकडे म्हणतात. याची साल म्हणजे कुटजारिष्टातील कुटज, आणि बी म्हणजे कडू इंद्रजव. या सालीतले कोनेसीन नावाचे अल्कलॉइड प्रथम वेगळे काढले गेले ते १८५८ साली, हेन्स या रसायनज्ञाकडून, आणि त्याचे निवेदन मुंबईच्या वैद्यकीय संस्थेच्या कामकाजात छापले गेले. म्हणजे आपल्याच प्रांतातील झाडाच्या अर्काचा पहिला दाखला आपल्याच राजधानीत नोंदला गेला, ही गोष्ट मराठी वाचकाला क्वचितच ठाऊक असते.

पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात रामनाथ चोप्रा यांनी देशी औषधींची जी शिस्तबद्ध तपासणी आरंभिली, तीत कुड्याला मानाचे स्थान होते. चोप्रा केंब्रिजचे शिकलेले, सैन्याच्या वैद्यकीय सेवेतले. पण गोऱ्या डॉक्टरांची तुच्छता आणि वैद्यांची भाबडी भक्ती हे दोन्ही टाळून, झाड आणा, त्यातले द्रव्य काढा, प्राण्यावर पाहा, मग रुग्णावर पाहा, हा एकच दंडक त्यांनी सर्वांना लावला. त्यांचा ‘इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १९३३ साली निघाला, आणि त्यात गुण न दिसलेल्या औषधींविषयी ते ज्या रोखठोकपणे लिहितात, तो रोखठोकपणा आजच्या जाहिरातदारांनी मुद्दाम वाचावा असा आहे. कुड्याच्या अल्कलॉइडांचा बिस्मथ आणि आयोडीन यांच्याशी संयोग करून बनविलेले औषध त्या काळी अमीबाच्या आमांशावर रुग्णालयांतून दिले जाई. पण सालीतून शुद्ध केलेले कोनेसीन जेव्हा मोठ्या मात्रेत दिले जाऊ लागले, तेव्हा रुग्णांना झोप येईना, चक्कर येऊ लागली, काही जण बरळू लागले. आतड्यासाठी दिलेले औषध मेंदूत जाऊन बसले होते. मेंदूतील हिस्टामिनच्या एका विशिष्ट ग्राहकाला कोनेसीन जखडते, याची उकल तर आणखी पन्नास वर्षांनी झाली. काढ्यात हा त्रास फारसा दिसत नाही, कारण काढ्यात कोनेसीन थोडे. आणि गुणही त्याच मानाने थोडा.

कुड्यात फसगतही जुनी आहे. काळा कुडा म्हणून जे दुसरे झाड आपल्या रानात असते, त्याच्या शेंगाही जोडीने लोंबतात आणि बीही तसेच लांबट. त्याला गोडा इंद्रजव म्हणतात. पारख सोपी: एक दाणा दाताखाली फोडावा, कडू जहर लागला तर तो खरा, आणि तोंड न वाकडे करता चावता आला तर तो आमांशाच्या कामाचा नव्हे.

अमीबावर वनस्पतीतून निघालेले सर्वांत प्रखर औषध मात्र कुड्याचे नव्हे. ते ब्राझीलच्या इपेकाक नावाच्या झुडपाच्या मुळातले एमेटीन. कलकत्त्यातच लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ साली त्याची इंजेक्शने देऊन मरणाच्या दारातले आमांशाचे रोगी उठवून बसविले, आणि पुढची अर्धी शताब्दी त्याचाच अंमल राहिला. ते अमीबाच्या पेशीतले प्रथिनांचे उत्पादन बंद पाडते. दुर्दैवाने माणसाच्या पेशीतलेही पाडते, आणि हृदयाचा स्नायू त्याला प्रथम बळी पडतो, म्हणून एमेटीन चालू असलेल्या रोग्यास अंथरुणातून उठू देत नसत.

जंतांच्या औषधींची कथा याहून रंगतदार आहे, आणि तीत आपल्या फोडणीतल्या ओव्याचा भाग मोठा आहे. आल्प्स पर्वताखालून सेंट गॉटहार्डचा बोगदा खणणारे इटालियन मजूर १८८० च्या सुमारास अंकुशकृमींनी रक्तक्षय होऊन पटापट पडू लागले, तेव्हा त्यांच्यावर ओव्यात असणाऱ्या थायमॉल या द्रव्याचा प्रयोग झाला. १९०९ साली रॉकफेलर यांच्या देणगीतून अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत अंकुशकृमींविरुद्ध जी मोहीम निघाली, तिचेही हत्यार थायमॉलच होते. हे थायमॉल ज्यापासून काढीत त्या ओव्याचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातून जर्मनीतल्या कारखान्यांना होई, आणि पहिले महायुद्ध पेटताच तो खंडित होऊन युरोपात त्याची टंचाई झाली. थायमॉल तेलात विरघळते, आणि विरघळले की आतडे सोडून रक्तात शिरते; म्हणून ते दिल्यावर तेल, तूप आणि मद्य यांची सक्त मनाई असे, आणि पोट साफ करण्यास एरंडेल न देता जुलाबाचे मीठ देत. जंतांच्या कोणत्याही औषधानंतर चमचाभर एरंडेल पाजण्याची आपली जी सरसकट रीत आहे, ती या एका ठिकाणी जिवावर बेतली असती.

किरमाणी ओवा हा नावाने ओवा, जातीने निराळा. त्यातील सँटोनिन १८३० मध्ये वेगळे काढले गेले. ते गोल जंतांना मारीत नाही, बधिर करते, आणि मग जुलाब देऊन त्यांना बाहेर लोटावे लागते. मात्रा किंचित चढली की रोग्याला सारे जग पिवळे दिसू लागे, आणि आणखी चढली तर मुलांना आकडी येई. दिल्लीच्या रिजवरही जो फाल्गुनात पेटल्यासारखा फुलतो, आणि ज्याला येथेही पाने तीनच, त्या पळसाच्या चपट्या बिया म्हणजे आपली पळसपापडी. तिच्यातले पॅलॅसोनिन हे द्रव्य जंतांवर चालते हे सिद्ध झाले आहे, पण रसायनदृष्ट्या ते अंगावर फोड उठविणाऱ्या एका किड्याच्या प्रसिद्ध विषाचे, कँथॅरिडिनचे, सख्खे भावंड आहे. डाळिंबाच्या मुळाच्या सालीतले पेलेटिएरीन फ्रान्समध्ये तान्रे यांनी १८७८ साली काढले, ते पट्टकृमीवर चालते. वावडिंगाला चरकाने कृमिघ्न औषधींत अग्रस्थान दिले आहे. तान्ह्या मुलाचे पाणी आपण त्याच्या चार दाण्यांबरोबर उकळतो त्यात फारसे बिघडत नाही, कारण उकळलेल्या पाण्यात वावडिंगापेक्षा उकळण्याचाच गुण अधिक. मात्र त्यातल्या एम्बेलिन या द्रव्याने जनावरांत गर्भधारणेला अटकाव होतो असे प्रयोगांत दिसले असल्याने, दिवस गेलेल्या स्त्रीने वावडिंगाचे चूर्ण घेऊ नये हे बरे.

त्यामानाने अलीकडचे उदाहरण नायजेरियाचे. २००७ साली तेथे साठ मुलांवर पपईच्या वाळलेल्या बियांचा मधात कालवलेला एकच डोस देऊन पाहिला. बिया मिळालेल्या तीस मुलांपैकी २३ जणांचे शौच स्वच्छ झाले, आणि नुसता मध मिळालेल्या तिसांपैकी पाच जणांचे. येथेही ते पाच जण विसरून चालणार नाही. पपईच्या चिकातली प्रथिनपाचक द्रव्ये जंताच्या कातडीलाच पचवू लागतात, असे इंग्लंडमधील प्रयोगशाळांत दिसून आले आहे, आणि जंतांनी सध्याच्या गोळ्यांना जुमानणे सोडले तर या वाटेने नवे औषध मिळण्याचा संभव आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींच्या चिकित्सेचे तीन टप्पे सांगितले आहेत: कृमी बाहेर काढणे, ज्या परिस्थितीत ते वाढतात ती मोडणे, आणि ज्या कारणाने ते झाले ते कारण टाळणे. आपण वैद्य असो की डॉक्टर, पहिल्या टप्प्यावर जीव ओततो आणि तिसऱ्याकडे पाठ फिरवितो. दिल्ली सरकारने २०१२ साली शाळांतून जंतनाशक गोळ्या वाटल्या, २०१५ पासून १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन झाला, आणि सरकारी शाळांतील व अंगणवाड्यांतील मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, एक ते दोन वर्षांच्या बाळांना अर्धी, फुकट मिळू लागली. ही मोहीम उत्तम आहे. परंतु ती प्रामुख्याने मातीतून येणाऱ्या जंतांसाठी आहे. जिआर्डियाला ती एक गोळी पुरत नाही, आणि शाळेत गोळी खाऊनही मूल खंगतच राहिले तर पालकांनी गोंधळून न जाता शौचाची तपासणी करून घ्यावी. तीही एकदाच नव्हे, एकाआड एक दिवसाच्या तीन नमुन्यांची, कारण कोश रोज पडतातच असे नाही. जुन्या सरकारी ब्लॉकांच्या गच्चीवरच्या टाकीत झाकण सरकून काय साचले आहे, हे वर्षानुवर्षे कुणी चढून पाहत नाही. ती टाकी धुवून घेणे आणि पिण्याचे पाणी खळखळून एक मिनिट उकळणे, ही चरकाच्या तिसऱ्या टप्प्याची आजची रूपे आहेत, आणि दोन्हींना कोणत्याही बाजारातून काही विकत आणावे लागत नाही.

दारुहळदीबद्दल एक इशारा मात्र स्पष्ट शब्दांत दिला पाहिजे. रक्तातले काविळीचे पिवळे द्रव्य प्रथिनाला बांधलेले असते. बर्बेरीन त्याला तेथून हुसकावते, आणि नवजात अर्भकात ते मोकळे झालेले द्रव्य मेंदूत उतरून कायमची इजा करू शकते. याच धास्तीने सिंगापूरने १९७८ साली बर्बेरीनयुक्त चिनी औषधींवर बंदी घातली, आणि ती कित्येक दशके टिकली. म्हणून तान्ह्या बाळाच्या घुटीत रसांजनाचा एक वळसाही नको, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ते नको. सेवानिवृत्त मंडळींनी, ज्यांची मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे चालू आहेत, दारुहळदीच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत. ती साखर उतरविते आणि यकृतात इतर काही औषधांचा निचरा अडवून रक्तातले त्यांचे प्रमाण वाढविते. घरात काढा, रसांजन, कुटजघनवटी जे काही चालू असेल ते दवाखान्यात लपवू नका. तपासणीस जाताना ती बाटली, ती पुडी पिशवीत टाकून न्या, आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन त्यांच्या टेबलावर ठेवा.